मेपल सिरप घरी करताना काटकसर कुठे करावी?

प्रश्न : आम्ही ऑन्टारिओत राहतो. परसात शुगर मेपलची दोन मोठी झाडे आहेत. कमी खर्चात घरीच सिरप करता येईल का?

उत्तर : येईल, पण काटकसर इंधनात करा. शुगर मेपलच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के असते. एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. म्हणजे पैसा जातो तो पाण्याची वाफ करण्यात. साहित्य थोडकेच: खोड किमान ३० सेंटिमीटर जाड असेल तर ८ मिलिमीटरचे, चार-पाच सेंटिमीटर खोल एक भोक, तोटी आणि झाकणाची स्वच्छ बादली. रात्री रसावर धरलेला बर्फ सकाळी काढून टाका, तो बहुतांशी पाणीच असतो. थोडी साखर त्याबरोबर जाते हे खरे, पण वाचलेल्या इंधनापुढे ते नुकसान किरकोळ. मग पसरट भांड्यात, अंगणात, वाळक्या लाकडांवर आटवा. स्वयंपाकघरात सोयीचे वाटेल, पण एवढ्या वाफेने भिंती ओल धरतात. शेवटची आटणी तेवढी गॅसवर करा. पाण्याच्या उत्कलनबिंदूहून तापमान चार अंश सेल्सिअस वर गेले की उतरवा. इथे थर्मामीटरचे पैसे वाचवू नका: सिरप पातळ राहिले तर आंबते, फार आटले तर तळाशी खडे धरतात.