फुकट मिळाली तरी महाग! बंद पडलेल्या एमजीबीचा हिशोब



"जुनी वस्तू स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची" हा धंदा करावा असं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असतं. व्हिडिओमध्ये आपण त्याचं एक उदाहरण पाहिलं. इथे त्याचा हिशोब सविस्तर देतोय. उदाहरण इंग्लंडचं आहे, पण कागद-पेन घेऊन बसा, कारण आकडेमोड तुमच्या कामाची आहे.

गाडी कोणती?

एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती बनायची. बंद टपाची जीटी धरली तर एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यामुळे आजही तिकडे एखाद्या गॅरेजमध्ये किंवा शेतावरच्या कोठारात वीस-तीस वर्षं धूळ खात उभी असलेली एमजीबी सापडते. विकणारा म्हणतो, "बंद केली तेव्हा चालू होती. थोडंसंच काम आहे."

हे "थोडंसंच काम" नेमकं किती, इथेच नवखा माणूस फसतो.

पायरी १ : चावी फिरवू नका

गाडी पाहिली की पहिला मोह होतो इंजिन चालू करून बघायचा. थांबा! इतकी वर्षं टाकीत राहिलेलं पेट्रोल खराब झालेलं असतं. रबरी नळ्या तडकलेल्या असतात. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून अडकतात. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असू शकतं. म्हणून जाणकार मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढतो, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतो आणि इंजिन हाताने फिरतंय का ते बघतो.

पण मित्रांनो, ही सगळी कामं जमण्यासारखी आहेत. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन साधं आहे, आणि त्याचे सुटे भाग तिकडे सहज मिळतात. मोठा खर्च दुसरीकडेच लपलेला असतो.

पायरी २ : जिथे दिसत नाही तिथे बघा

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दरवाजाखालून जाणारी जी पोकळ पट्टी असते, तिला सिल म्हणतात. उघड्या टपाच्या गाडीत बराचसा भार याच सिल पेलतात. त्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो!

तपासायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक, लोहचुंबक. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली असते. दुसरा, गाडी जॅकवर उचलताना दरवाजाची फट बघा. फट कमी-जास्त झाली किंवा दरवाजा अडकला, तर सांगाडा कमजोर झालाय असं समजा. काही जण गंजलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा ठोकून गाडी विकतात. नीट काम करायचं तर आजूबाजूचा पत्राही उघडावा लागतो, आणि त्या मजुरीचं बिल मोठं येतं.

पायरी ३ : हिशोब उलटा करा

आकडे समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा :

- गाडीची खरेदी : ३,५०० पौंड
- वाहतूक : २०० पौंड
- बॉडी आणि रंग : ११,००० पौंड
- इंजिन, ब्रेक, टायर : ४,००० पौंड
- सीट, टप, आतली सजावट : २,५०० पौंड

एकूण २१,२०० पौंड. आणि तशीच तयार गाडी बाजारात समजा १५,००० पौंडांना मिळते. म्हणजे ६,२०० पौंडांचा तोटा.

नवखा माणूस खरेदीच्या आकड्यावर घासाघीस करत बसतो. तुम्ही शेवटून सुरुवात करा. विक्रीची किंमत १५,०००. त्यातून कामाचा खर्च १७,७०० वजा करा. उत्तर येतं उणे २,७००. म्हणजे ही गाडी फुकट मिळाली तरी तोट्यातच आहे! आणि यात तुमचा नफा अजून धरलेलाच नाही.

गाडी जुनी आहे म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे देत नाही. बाजारात तशा भरपूर गाड्या असतील तर तुमच्या खर्चाशी त्याला काही देणंघेणं नसतं.

मग या धंद्यात कमावतं कोण?

ही गाडी हौसेने, स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांना तोट्याचं वाटत नाही, कारण तो त्यांचा छंद आहे. पण या सगळ्या हौशी लोकांना पत्रा, नळ्या, सीटकव्हर लागतातच. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवून विकायला सुरुवात केली. गाडीचं उत्पादन बंद होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती! गाडी कोणाचीही असो आणि तिचा मालक नफ्यात असो वा तोट्यात, सुटे भाग विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतंच.

तुमचा गृहपाठ

तुम्ही सेकंडहँड मशीन, बंद पडलेलं युनिट किंवा चालू दुकान घ्यायच्या विचारात असाल, तर बयाणा देण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा :

१. तयार झाल्यावर हे किती रुपयांना विकलं जाईल, किंवा महिन्याला किती कमावून देईल?
२. न दिसणारं नुकसान कुठे असू शकतं, आणि ते तपासून कोण देईल?
३. दुरुस्तीचा लेखी अंदाज किती? त्यावर थोडी रक्कम जास्तीची धरा.
४. पहिल्यातून तिसरा आणि तुमचा नफा वजा केल्यावर किती उरतं?

चौथ्या ओळीत जो आकडा येईल, तीच तुमची जास्तीत जास्त खरेदी किंमत. विकणारा त्याच्या वर गेला तर हात जोडा आणि पुढची वस्तू बघा. साठवलेलं भांडवल हातात राहिलं तर संधी पुन्हा येते.

तुमचा कागद तयार झाला की चौथ्या ओळीचा आकडा कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!