गावाकडे दोन खोल्या की पुरता बंगला?

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणसाला निवृत्ती जवळ आली की हा प्रश्न पडतो. जत्रा-दिवाळीपुरत्या दोन खोल्या काढाव्यात, की एकदाच काय ते मोठं घर बांधावं? बहुतेकदा निर्णय भावकीचा बंगला बघून होतो. तो व्हायला हवा वर्षातल्या मुक्कामाच्या रात्री मोजून.

रुपयांचा हिशेब

मालासकट ठेक्याचा दर गावागणिक आणि कामागणिक बदलतो. हिशेबापुरते चौरस फुटाला 2,000 रुपये धरू. 450 फुटांचं घर 9 लाखांत होतं, 1,200 फुटांचं 24 लाखांत. पण सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, बोअर, मीटर, कंपाउंड हा खर्च घर लहान म्हणून फारसा कमी होत नाही. त्याचे दोन्हीकडे अडीच लाख धरले तर आकडे साडेअकरा आणि साडेसव्वीस लाखांवर जातात. लहान घराचा फूट अडीच हजारांच्या वर पडतो, मोठ्याचा 2,200 च्या आसपास. 'लहान घर महाग पडतं' हे ठेकेदाराचं म्हणणं इथवर खरं.

आता फरकाचे 15 लाख बघा. 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 1 लाख 5 हजार व्याज. मुक्काम वर्षाला 20 रात्रींचा असेल, तर जादा खोल्यांची एकेक रात्र 5,250 रुपयांना पडली. शिवाय घरपट्टी, रंग, वाळवी आणि पावसाळ्यात बंद खोल्यांना येणारी ओल वेगळीच.

दर ठरवताना मोजणी कशावर, हे लिहून घ्या. बरेच ठेकेदार स्लॅबच्या क्षेत्रावर बिल लावतात. त्यात पोर्च आणि बाहेर काढलेला सज्जाही येतो.

जागा कुठली?

आळते-रामलिंगकडच्या माळावर मुरूम लवकर लागतो. पंचगंगा-वारणाकाठच्या काळ्या रानात तो लागेपर्यंत खोदावं लागतं आणि पायाच बजेट खातो. रुई, इंगळी, खोची, निलेवाडी अशा नदीकाठच्या गावांत आधी निळी आणि लाल पूररेषा तपासा. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्याला भिंतीवर दाखवायला सांगा. जोतं त्याच्यावर घ्या.

कागद

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जागेवर भावांची नावं एकत्र असतील तर आधी नोंदणीकृत वाटणीपत्र, मग कुदळ. ग्रामविकास विभागाच्या 2021 च्या निर्णयानुसार गावठाणात 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ठरलेली कागदपत्रं ग्रामपंचायतीला द्यावी लागतात, वेगळी परवानगी लागत नाही. त्यापुढे 3,200 फुटांपर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. खुद्द हातकणंगल्यात मात्र नगरपंचायत आहे, तिथे तिचे नियम. कर्ज काढणार असाल तर परवानगी लागो न लागो, बँक नकाशा आणि मालकीचे कागद मागणारच.

प्राप्तिकरात दोन घरं स्वतःच्या वापराची दाखवता येतात. पण नव्या करप्रणालीत अशा घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही. 'कर वाचेल' म्हणून खोल्या वाढवू नका.

मधला मार्ग

पाया आणि कॉलम वरच्या मजल्याच्या हिशेबाने घ्या, बांधा फक्त खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम. कॉलमचं डिझाइन इंजिनिअरकडून लिहून घ्या. 'वर एक मजला आरामात बसतो' या तोंडी भरवशावर जाऊ नका. जिना बाहेरून ठेवा, म्हणजे पुढे वरचा मजला वेगळा वापरता येईल. वरचं बाथरूम खालच्याच्या डोक्यावर येईल असं बघा, पाइप वाचतो. स्लॅबवर सोडलेल्या सळ्या उघड्या ठेवल्या तर चार पावसाळ्यांत गंजून पापुद्रे सुटतात. त्यांना सिमेंटचं पाणी मारून वर कच्च्या काँक्रीटचं आवरण करून घ्या. बांधकाम वाढवताना ते फोडता येतं.

मग ठरवायचं कसं?

वर्षाला महिन्याभरापेक्षा कमी मुक्काम असेल तर दोन खोल्या पुरेत. जुनं घर धड असेल तर कौलं शाकारून नवं संडास-बाथरूम जोडणं त्याहून स्वस्त. पाच-सात वर्षांत कायमचं यायचं नवरा-बायको दोघांनीही ठरवलं असेल, तर मधला मार्ग. बंगला आत्ताच बांधायचा तो फक्त आई-वडील किंवा भाऊ त्यात आजपासून राहणार असतील तरच.