मनाला आलेला पूर

मुकुटबनकडे पावसाळ्यात नाल्यांना पूर येतो. तेव्हा आपण बैलगाडी पाण्यात घालतो का? नाही. काठावर थांबतो. पाणी उतरले की पलीकडे जातो.

काही माणसांच्या मनालाही असा पूर येतो. समजा, नवरा कापूस विकायला वणीला गेला. रात्र झाली तरी आला नाही. दुसरी बाई काळजी करील, ताट झाकून ठेवील. पण हिच्या मनात येते, "यानं मले टाकलं." छाती धडधडते. तो दारात येताच ही भांडी फेकते. तासाभराने त्याचेच पाय धरून रडते. सकाळी तो देव होता, रात्री वैरी झाला. कधी ती आपलाच हात कापून घेते. लोक म्हणतात, "नाटकं करते." हे बोलणे आम्हाला मुळीच पटत नाही. हा आजार आहे. डॉक्टर त्याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. पुरुषांनाही तो होतो. त्यावर अशी खास गोळी नाही. पण जाणत्या माणसाशी बोलून, सराव करून तो कमी होतो. पुष्कळ लोक काही वर्षांत सावरतात.

अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान बाई १९६१ साली मनाच्या दवाखान्यात दाखल झाल्या. तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. स्वतःला चटके देत, कापून घेत. पुढे त्या शिकल्या. अशाच माणसांसाठी त्यांनी उपचाराची एक रीत बसवली. २०११ साली त्याच दवाखान्यात जाऊन त्यांनी आपली गोष्ट सर्वांना सांगितली.

त्या रीतीतले थोडे घरीही करता येते. पूर चढतो आहे असे वाटले, की त्या वेळी भांडू नका, घर सोडू नका. माठातले गार पाणी तोंडावर मारा. श्वास हळूहळू सोडा. मग स्वतःला विचारा, घडले काय आणि वाटले काय? तो उशिरा आला, हे घडले. त्याने टाकले, हे वाटले.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. रोज रात्री राग किती आला ते लिहा. नाही आला तर ०, फार आला तर ५. झोप किती झाली, जेवण झाले का, तेही लिहा. महिन्याने पाने चाळा. जागरणाच्या आणि उपासाच्या दिवशी आकडा चढतो का, ते पहा.

घरच्यांनी त्या वेळी वाद घालू नये. "तू घाबरली, हे कळलं मले. मी इथंच आहो," एवढे पुरे. "टाकून देईन तुले" असे थट्टेतही म्हणू नये.

आणखी एक काम आजच करा. कपाशीवाल्यांच्या घरात फवारणीचे औषध कोनाड्यात पडलेले असते. ते पेटीत घाला, कुलूप लावा, किल्ली शेजारी द्या. पुराच्या घटकेला ते हाताशी नसले, तर जीव वाचतो. कोणी मरणाची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. औषध पोटात गेलेच, तर १०८ ची गाडी बोलवा. बाटली बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना औषधाचे नाव कळते.