रात्रीची बाटली कशी सोडवावी?

आपल्या पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यात गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात आईबरोबर वडीलही येतात, त्यामुळे मुलांच्या जुन्या तक्रारी बहुधा गुरुवारीच बाहेर पडतात. गेल्या पावसाळ्यात एक जोडपे आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. तक्रार नेहमीचीच. "डॉक्टर, हा जेवतच नाही. काहीतरी भुकेचं औषध द्या." मुलगा अंगाने गुटगुटीत, पण चेहरा पांढुरका. आईच्या कडेवर बसून तो दवाखान्याच्या भिंतीचा पोपडा नखाने उकरून तोंडात घालू पाहत होता.

मी त्याचा वरचा ओठ अलगद उचलून पाहिला. पुढचे चारही दात हिरडीलगत तपकिरी झालेले, त्यातले दोन झिजून निम्मे उरलेले. खालचे दात मात्र स्वच्छ. असे तोंड दिसले की काय झाले असावे ते कळतेच. तरी विचारले, "रात्री बाटली लागते का?"

आईने नवऱ्याकडे पाहिले. मग बोटांवर हिशेब करून सांगितला. झोपताना एक, बारा-एकच्या सुमारास एक, पहाटे एक. प्रत्येक बाटली अडीचशे मिलिलिटरची, त्यात दोन चमचे साखर आणि कधी कुस्करलेले बिस्किट. दिवसाच्या दोन वेगळ्याच. म्हणजे रोज सव्वा लिटर दूध! पोट दुधानेच भरलेले असताना त्या मुलाने भाकरी खावी तरी कुठे?

"काय करणार डॉक्टर," वडील म्हणाले, "दहा बाय दहाची खोली. सेकंड शिफ्ट करून मी साडेबाराला घरी येतो. शेजारचे रात्रपाळीचे, ते दिवसा झोपतात, त्यांची पोरं रात्री. हा रडला की सगळी चाळ उठते. बाटली दिली की गप्प."

वाचकहो, या दुखण्याचे खरे मूळ इथे आहे. वर्षाच्या पुढचे, दिवसा नीट जेवणारे निरोगी मूल रात्री भुकेने सहसा उठत नाही. बाटली तोंडात धरून झोपायची त्याला सवय लागलेली असते. मधेच झोप चाळवली की तेच साधन पुन्हा हवे असते. आणि घरच्यांना हवी असते शांतता. म्हणून आईला दोष देऊन काही साधत नाही. साऱ्या घराच्या झोपेची व्यवस्था बदलावी लागते.

आधी नुकसान काय होते ते पाहू. जागेपणी तोंडातली लाळ दात धूत असते. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि गिळणेही मंदावते. मग साखरेचे दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बहुधा वाचतात. साखर घातली नाही तरी दुधाची स्वतःची साखर असतेच. वरची साखर ते काम झपाट्याने करते इतकेच. सुरुवात हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेघेने होते. ती रेघ वेळीच दिसली तर दात वाचवता येतो. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा ओठ उचलून पाहावा.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरे सांगायचे तर व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मीही हेच सांगत असे. पुढे रात्रभर दाढेच्या ठणक्याने रडणारी, गालफड सुजलेली चार-पाच वर्षांची मुले वारंवार पाहिली, तेव्हा माझे तोंड बंद झाले. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत लागतात, दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत.

दुसरे नुकसान डोळ्यांना लवकर दिसत नाही. ते रक्ताचे. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात लोह नावापुरतेच असते. गाईच्या एक लिटर दुधात साधारण अर्धा मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ८ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे लागते. शिवाय जास्त दूध प्यायले की जेवणातले लोहही अंगी कमी लागते. या मुलाचे हिमोग्लोबिन ७.४ निघाले, या वयात ते ११ च्या खाली नसावे. माती, पोपडे, खडू खाण्याची ओढ पुष्कळदा याच कमतरतेतून येते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांत रक्त कमी आढळले. त्या साऱ्यांचे कारण बाटली नव्हे हे उघड आहे, पण बाटलीने भर पडते. उताणे झोपून बाटली ओढणाऱ्या मुलांचे कानही अधिक दुखतात. आणि पावसाळ्यात निपलच्या खाचेत अडकलेल्या दुधाने होणारे जुलाब या भागातल्या आयांना मी काय सांगावे?

जाता जाता एक गोष्ट. दूध पाजण्याच्या बाटलीची जाहिरात आपल्या वर्तमानपत्रात का दिसत नाही, हे कधी मनात आले आहे का? बाळाचे दुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने १९९२ साली केला आणि तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. दुकानात बाटली मिळते, पण तिची भलामण करता येत नाही.

आता सोडवायची कशी. वय एक वर्षाच्या आत असेल, वजन कमी असेल किंवा मूल आजारी असेल, तर आपल्या मनाने रात्रीचे दूध बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि हे सारे बाटलीविषयी आहे, अंगावरच्या दुधाविषयी नाही. आईचे दूध दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू ठेवायला हरकत नाही.

या जोडप्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती मुहूर्ताची. वडिलांची पहिली पाळी असेल तो आठवडा धरा, म्हणजे रात्री दोघे घरी असतील. त्याआधीच्या गुरुवारी सुरुवात करा. गावची जत्रा, घर बदलणे, ताप, नवे भावंड, अशा दिवसांत हात घालू नका. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, की चार-आठ रात्री पोरगे रडेल, सांभाळून घ्या. माणसे समजून घेतात. न सांगता रडले तर मात्र तिसऱ्या रात्री दारावर थाप पडते आणि बाटली परत येते.

पहिल्या आठवड्यात रात्रीला हात लावायचा नाही. फक्त दिवसाच्या बाटल्या बंद, दूध पेल्यातून. सांडेल, सांडू द्या. साखर आणि बिस्किट बंद. दिवसभरात मिळून दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायचे, तेव्हा कुठे वरण-भात, अंडे, मेथी-पालक पोटात जाईल. संध्याकाळचे दूध जेवणाबरोबर, बसून. मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासायचे. त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या प्रत्येक बाटलीतले दूध दर दोन रात्रींनी ५० मिलिलिटरने कमी करायचे. दोनशे, दीडशे, शंभर, पन्नास, मग पेल्यातून पाण्याचा घोट. मूल उठले तर दिवा लावू नका, गप्पा मारू नका; थोपटा, पाठीवरून हात फिरवा, गुणगुणा. बापाने थोपटले तर जास्त बरे, कारण आईच्या कुशीत त्याला दुधाचीच आठवण येते. काही मुले एकदम बंद केली तरी तीन-चार रात्रींत सावरतात, पण पातळ भिंतींच्या चाळीत हळूहळू जाणेच परवडते.

यात एकच चूक फार महाग पडते. या घरात ती आजीच्या हातून झाली. गावाहून आलेल्या आजीला सातव्या रात्री नातवाचे रडणे ऐकवेना. "लेकराचा जीव घेता का रं?" म्हणत त्यांनी भरलेली बाटली त्याच्या तोंडात दिली. त्याआधी तो दहा मिनिटे रडून झोपू लागला होता. पुढचे तीन दिवस तासभर रडला. नेट धरून रडले की बाटली येते, हे त्याला त्या रात्री पक्के कळले. मी आजींना दवाखान्यात बोलावले, पण त्यांना काही समजावण्याआधी नातवाचा ओठ उचलून दाखवला. त्यानंतर थोपटायचे काम त्यांनीच अंगावर घेतले.

झोप लागावी म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजणे किंवा चोखणी मधात बुडवून देणे, असे उपाय ऐकिवात येतात. ते मुळीच करू नका. पहिल्याने श्वास मंदावू शकतो, दुसऱ्याने दात जातात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये.

सगळे मिळून या घराला पाच आठवडे लागले. दोन दात दंतवैद्यांना काढावे लागले, दोन वाचले. लोहाचे औषध सुरू होतेच. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.१ आले. भाकरी खातो, पोपडे उकरत नाही. बाटल्या त्याने स्वतःच्या हाताने घंटागाडीत टाकल्या. एक मात्र आईने पुढच्या बाळासाठी डब्यात जपून ठेवली होती! मी म्हटले, "ताई, पुढच्या बाळाला अंगावर पाजा, आणि वरचं द्यायची वेळ आली तर वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं आहेच की."

लोहाच्या औषधाविषयी थोडे. अंगणवाडीतून ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर देण्यासाठी मिळते. रक्त फार कमी असेल तर मात्रा वेगळी, ती डॉक्टरांनी ठरवायची. दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर द्या. शी काळी होते, घाबरू नये. बाटली मात्र उंच फळीवर ठेवा. गोड लागते म्हणून मुलाने एकदम सगळी प्यायली तर ते विष ठरते. तसे घडल्यास वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.