लग्न लावणाऱ्यास परवाना, संसार सावरणाऱ्यास काय?

शास्त्रवाचन : निर्गम १८:१३-२६, याकोब ३:१

ख्रिस्ती विवाह कोणी लावावा, हे आपल्या देशात १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरविले आहे. काही पाळकांना हा अधिकार त्यांच्या दीक्षेमुळे मिळतो; इतरांना राज्य सरकारकडून परवाना घ्यावा लागतो, आणि सरकारला तो काढूनही घेता येतो. अधिकार नसता कोणी विवाह लावला, तर त्यास दहा वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड सांगितला आहे. विवाहविधी तासाभरात आटोपतो. संसार मात्र जन्मभराचा असतो. तो मोडू लागला म्हणजे जो नवराबायकोस समोर बसवून सल्ला देतो, त्याची लायकी कोण तपासतो? या पाठात आपण हाच प्रश्न पाहू.

१. परदेशातील रीत

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६३ साली विवाह व कुटुंब समुपदेशकांना परवाना देण्याचा कायदा प्रथम केला. आज तेथील पन्नासही राज्यांत असा परवाना आहे. कॅलिफोर्नियात या कामासाठी पदव्युत्तर शिक्षण, जाणत्याच्या देखरेखीखाली ३,००० तासांचा अनुभव आणि परीक्षा लागते. परवाना मिळाल्यावरही ठराविक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. समुपदेशकाने गैरवर्तन केले, तर मंडळाकडे तक्रार करता येते व परवाना रद्द होऊ शकतो. पाळकीय कर्तव्य म्हणून सल्ला देणाऱ्या धर्मसेवकांना मात्र तेथील कायद्याने यातून वगळले आहे.

२. आपल्या देशातील स्थिती

आपल्याकडे विवाह समुपदेशकासाठी असा स्वतंत्र परवाना नाही. जवळपासच्या व्यवसायांना मात्र नियम आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नोंदणीवाचून हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मार्च २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी दुसरा कायदा झाला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय समाजसेवक, कुटुंबनियोजनाचे सल्लागार आदी आहेत. विवाह व कुटुंब समुपदेशक असे वेगळे नाव त्यात नाही. म्हणून कोणी दारावर ‘मॅरेज काउन्सेलर’ अशी पाटी लावली, तर ती पाटी म्हणजे सनद नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे.

३. न्यायालयातील समुपदेशक

एका ठिकाणी मात्र कायद्याने समुपदेशकास मानाची जागा दिली आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे न्यायाधीशाने प्रथम समेटाचा यत्न करावयाचा असतो, आणि त्यासाठी राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने समुपदेशक ठरविते. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. महाराष्ट्रात अशी न्यायालये १९८९ साली पुणे व मुंबई येथे सुरू झाली. आम्हां मानपूरकरांच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, इंदुरातही, असे न्यायालय आहे. महाराष्ट्राच्या नियमांत एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. समुपदेशकापुढे जे बोलले जाते ते गुप्त राहते. त्याबद्दल त्याला साक्षीस ओढता येत नाही. समेट झाला नाही म्हणजे सगळे संपले असे नाही, पण गुपित फुटले तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

४. घरात मारहाण असेल तर

येथे आपल्या मंडळ्यांनी फार जपावे. मार खाऊन आलेल्या बहिणीस ‘क्षमा कर आणि घरी जा’ एवढेच सांगून परत पाठविणे हा सल्ला नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली २००६ साली नियम झाले. त्यांप्रमाणे दोन्ही पक्षांपैकी कोणाचा नातलग किंवा त्या भांडणात हितसंबंध असलेला मनुष्य सहसा समुपदेशक होऊ शकत नाही. होईल तोवर हे काम स्त्रीकडे द्यावे असेही म्हटले आहे. आणि समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचे समर्थन करता येत नाही. लहान मंडळीत पाळक हा बहुधा कोणाचा तरी मामा, काका किंवा व्याही असतो! तेव्हा हा नियम आपल्यासाठीच लिहिला आहे असे समजावे.

५. मंडळीने काय करावे

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे वाद ऐकत बसे. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला थांबविले आणि लायक, विश्वासू व लाचेचा द्वेष करणारी माणसे निवडण्यास सांगितले. निवड आधी, नेमणूक मग. याकोबही बजावतो की, शिक्षकाचा न्याय अधिक कडक होईल. आम्हां प्रचारकांजवळ ईश्वरज्ञानाची पदविका असते. ती वचन शिकविण्यासाठी आहे, मनाचा आजार ओळखण्यासाठी नव्हे. आम्ही प्रार्थना करू, ऐकून घेऊ, सोबत चालू. पण खोल निराशा, दारूचे व्यसन किंवा मारहाण दिसली की योग्य माणसाकडे नेऊन पोहोचविणे हेही पाळकीय कामच होय.

समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्या : शिक्षण काय व कोठे झाले? कोणत्या परिषदेत नोंदणी आहे? अनुभव कोणाच्या देखरेखीखाली घेतला? आमचे बोलणे गुप्त राहील ना? जो खरा जाणता आहे तो या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

कायदा आज आम्हांस सल्ला देण्यापासून अडवीत नाही. पण ज्याला कोणी जाब विचारीत नाही, त्याने स्वतःस अधिक जाब विचारावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत नवराबायकोचे भांडण प्रथम कोणाकडे जाते? तो दोघांनाही परका आहे काय?
२. सल्ल्यासाठी आलेल्यांचे गुपित राखण्याची आपल्याकडे काय व्यवस्था आहे?
३. पाळकाने कोणत्या वेळी स्वतः थांबून दुसऱ्याकडे पाठवावे?