घटक ४ : स्थलवर्णन – आख्यायिका, पुरावा आणि अनुभव
(कौंडण्यपूर परिसराच्या अभ्यासप्रवासाच्या आधारे)

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• स्थलवर्णनात येणाऱ्या आख्यायिका, पुरावा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील फरक सांगता येईल.
• कौंडण्यपूर परिसरातील स्थळांचे मराठी वाङ्मयाशी असलेले नाते स्पष्ट करता येईल.
• आपल्या गावाजवळील एखाद्या स्थळाचे विश्वासार्ह वर्णन लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. प्रवासवर्णन म्हटले की हिमालय किंवा परदेश आठवतो. परंतु एका दिवसाच्या प्रवासातही लेखकापुढे तेच प्रश्न उभे राहतात. देवळाचा पुजारी काही सांगतो, फलकावर वेगळेच लिहिलेले असते, ग्रंथात तिसरेच असते आणि डोळ्यांना चौथे दिसते. यांपैकी काय लिहायचे आणि कोणत्या शब्दांत लिहायचे?

प्रश्न केवळ शैलीचा नाही. ज्या स्थळावर शेकडो वर्षे लोकांची श्रद्धा जडलेली आहे, त्याविषयी बेजबाबदारपणे लिहिले तर माणसे दुखावतात. आणि ऐकलेले सारे इतिहास म्हणून लिहिले तर वाचकाची फसवणूक होते. या दोन्ही गोष्टी टाळून कसे लिहावे, हे आपण अमरावती जिल्ह्यातील एका अभ्यासप्रवासाच्या आधारे पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पहिला मुक्काम : कौंडण्यपूर

अमरावतीहून कुऱ्हामार्गे आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर वसले आहे. पलीकडचा काठ वर्धा जिल्ह्याचा. विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. रुक्मिणीबरोबरच दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा आणि केशिनी या विदर्भकन्यांची नावेही येथे आदराने घेतली जातात. महाभारतातील नलोपाख्यानात आणि कालिदासाच्या ‘रघुवंशा’त विदर्भाची ही राजधानी येते, अज राजा इंदुमतीच्या स्वयंवरासाठी विदर्भातच आला होता.

ही झाली परंपरा. पुरावा काय सांगतो? १९६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथील टेकाडांचे उत्खनन केले आणि १९६८ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. उत्खननात काळ्या-तांबड्या रंगाच्या प्राचीन खापरांपासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. म्हणजे येथे दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती होती, हे सिद्ध झाले. परंतु राजा भीष्मक येथे राज्य करीत होता, हे कोणत्याही खापरावरून सिद्ध होत नाही, आणि तसे होण्याची अपेक्षाही नाही. पुरावा वस्तीचा आहे. कथा त्या वस्तीशी लोकमानसाने जोडली आहे. हे दोन्ही स्वतंत्रपणे नोंदविणे, हे स्थलवर्णनाचे पहिले पथ्य होय.

येथे तिसरी गोष्टही आहे, ती म्हणजे आजचे जगणे. येथील विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातून आषाढी वारीसाठी पंढरपूरला पालखी जाते. तिची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगितली जाते. पंढरीची रखुमाई ही वऱ्हाडची लेक, आणि ही तिच्या माहेरची पालखी, असा भाव तिच्यामागे आहे. भीष्मक ऐतिहासिक होता की नाही, यावर हे नाते अवलंबून नाही. पालखी दरवर्षी निघते हे वास्तव आहे, आणि त्याची नोंद लेखकाने वास्तव म्हणूनच घ्यावी.

४.३.२ एक घटना, दोन देवळे

श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण कोठून केले? कौंडण्यपुरात अंबिकेचे मंदिर दाखविले जाते. अमरावती शहरात मात्र अंबादेवीच्या मंदिरातूनच हरण झाले, अशी दृढ श्रद्धा आहे. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणी विवाहापूर्वी नगराबाहेरील अंबिकेच्या दर्शनाला पायी जाते, असे वर्णन येते. कौंडण्यपूर आणि अमरावती यांमधील अंतर पाहता वधूने इतके पायी चालणे कठीण. ही अडचण लोकपरंपरेलाही जाणवली असावी. कारण अमरावतीच्या देवळापासून कौंडण्यपुरापर्यंत भुयार होते, अशी आख्यायिका या भागात ऐकायला मिळते.

या भुयाराकडे कसे पाहावे? ‘हे खोटे आहे’ असे म्हणून पुढे जाणारा लेखक एक मोलाची गोष्ट गमावतो. दोन गावांच्या दोन श्रद्धांना एकमेकींशी भांडू न देता जोडून घेण्याचे काम ही आख्यायिका करते. भुयार जमिनीखाली असो वा नसो, कथेत ते आवश्यक आहे. आख्यायिकेची सत्यता तपासणे हे एक काम, आणि तिचे कार्य ओळखणे हे दुसरे. साहित्याच्या विद्यार्थ्याला दुसरे काम अधिक जवळचे असते.

रुक्मिणीच्या कथेवर केवळ विदर्भाचाच हक्क आहे असेही नाही. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूर येथे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची जत्रा भरते, तर अरुणाचल प्रदेशातील भीष्मकनगराशीही रुक्मिणीच्या माहेराची कथा जोडली जाते. एकच कथा अनेक भूमींना आपली वाटते, हे तिच्या सामर्थ्याचे लक्षण आहे.

४.३.३ भातकुली आणि चमक : नावाचा पुरावा

हरणाच्या वेळी रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कृष्णाच्या पाठलागावर गेला. कृष्णाला जिंकल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. पराभवानंतर तो परतला नाही. त्याने भोजकट नावाचे नगर वसविले. अमरावतीच्या पश्चिमेस असलेले भातकुली म्हणजेच हे भोजकट, असे समीकरण अभ्यासकांनी मांडले आहे.

येथे एक लेखी पुरावा उपलब्ध आहे. अचलपूरजवळच्या चमक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील या दानपत्रात भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चमक. या ताम्रपटाने रुक्मी सिद्ध झाला का? नाही. पाचव्या शतकात या प्रदेशाला भोजकट म्हणत असत, एवढे निश्चित झाले. पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच त्याच्याकडून घ्यावे.

नावांच्या व्युत्पत्तीबाबतही हीच दक्षता हवी. रुक्मिणीच्या लग्नाचे वऱ्हाड येथे उतरले म्हणून प्रांताला ‘वऱ्हाड’ म्हणतात, ही व्युत्पत्ती गोड आहे. ती लोकव्युत्पत्ती म्हणूनच सांगावी. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त या प्रांताचे मूळ नाव वरदातट, म्हणजे वरदा (वर्धा) नदीचा काठ, असे दिले आहे.

४.३.४ ऋद्धपूर : स्थलवर्णनाचा जुना धडा

अमरावतीच्या उत्तरेस मोर्शी तालुक्यात ऋद्धपूर आहे. श्रीगोविंदप्रभूंचे हे गाव महानुभाव पंथीयांना काशीसारखे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ येथेच सिद्ध केले. महदंबेने कृष्ण-रुक्मिणी विवाहावरचे ‘धवळे’ गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येथेच रचले. पुढे नरेंद्राने आणि त्यानंतर १५७१ मध्ये काशीत एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. कौंडण्यपूरची कन्या मराठी काव्यात कशी वावरली, याचा आरंभ शोधायचा तर ऋद्धपूरलाच यावे लागते. मराठी भाषा विद्यापीठासाठी शासनाने याच गावाची निवड केली, ती या वारशामुळे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची ही नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, ओटा कोणत्या बाजूस, असे बारकावे तीत नोंदविलेले आहेत. लेखकाची श्रद्धा अपार आहे. पण ती श्रद्धा विशेषणांतून न बोलता अचूकतेतून बोलते. प्रिय स्थळाची एकही खूण हरवू नये, ही त्यामागील तळमळ आहे. श्रद्धा आणि काटेकोरपणा परस्परविरोधी नाहीत, हे मराठीत इतक्या आधी सिद्ध झालेले आहे.

४.३.५ अचलपूर : अलीकडची आख्यायिका

आख्यायिका केवळ प्राचीन काळीच निर्माण होतात असे नाही. अचलपूर ते मूर्तिजापूर या ७६ किलोमीटरच्या अरुंद लोहमार्गावर धावणाऱ्या गाडीला लोकांनी ‘शकुंतला’ हे नाव दिले. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे व तेथून विलायतेस नेण्यासाठी खासगी ब्रिटिश भांडवलातून हा मार्ग झाला. १९२३ पासून सुमारे ७० वर्षे वाफेच्या इंजिनाने गाडी ओढली. १९९४ मध्ये डिझेल इंजिन आले. आता गाडी बंद आहे. तिच्या संथ चालीचे किस्से मात्र चालू आहेत. हे किस्से आजच लिहून ठेवले नाहीत, तर रुळांबरोबर तेही बुजतील.

४.३.६ क्रियापदाची जबाबदारी

मराठीत वाक्याचा आधार कोणता हे बहुधा क्रियापद सांगते. पुढील तीन वाक्ये पाहा.

(१) येथून भुयार होते असे *सांगतात*. (आख्यायिका)
(२) ताम्रपटात भोजकटाचा उल्लेख *आढळतो*. (पुरावा)
(३) सकाळी नदीकाठी पाच-सहा वृद्ध स्त्रिया स्नान करीत असलेल्या *दिसल्या*. (अनुभव)

आता चौथे वाक्य पाहा : ‘येथून भुयार होते.’ एक क्रियापद गळाले आणि आख्यायिका इतिहास होऊन बसली. ‘म्हणे’, ‘असे मानतात’, ‘अशी श्रद्धा आहे’ हे शब्द भित्रेपणाचे नाहीत. ते वाचकाशी राखलेल्या प्रामाणिकपणाचे आहेत.

आपली प्रगती तपासा

(अ) कौंडण्यपूर येथील उत्खननाने काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झाले नाही?
(आ) चमक ताम्रपटाचे महत्त्व दोन वाक्यांत सांगा.

४.४ सारांश

स्थलवर्णनात आख्यायिका, पुरावा आणि अनुभव हे तीन धागे असतात. आख्यायिकेतून लोकमानस कळते, पुराव्यातून काळ कळतो, अनुभवातून आजचे स्थळ कळते. तिन्हींना स्थान द्यावे, पण एकाच्या जागी दुसरा ठेवू नये. ‘स्थानपोथी’च्या रूपाने या शिस्तीचा आदर्श मराठीत उपलब्ध आहे.

४.५ शब्दार्थ

ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले दानपत्र. लोकव्युत्पत्ती – शब्दाच्या उगमाविषयी लोकांत रूढ झालेली कथा. धवळे – विवाहप्रसंगी गावयाची गीते.

४.६ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

(अ) दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती सिद्ध झाली. भीष्मकाचे राज्य सिद्ध झाले नाही.
(आ) भोजकट हे प्रदेशनाम पाचव्या शतकात प्रचारात असल्याचे त्यावरून कळते. रुक्मीच्या कथेचा तो पुरावा ठरत नाही.

४.७ स्वाध्याय

१. ‘आख्यायिकेचे कार्य तिच्या सत्यतेइतकेच महत्त्वाचे असते.’ भुयाराच्या कथेच्या आधारे चर्चा करा.
२. उपक्रम : सुटीच्या दिवशी आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल असे एक स्थळ पाहा. तेथील किमान दोन वडीलधाऱ्यांशी बोला. ४०० शब्दांत वर्णन लिहा. नंतर प्रत्येक वाक्याच्या समासात ‘ऐकले’, ‘वाचले’ किंवा ‘पाहिले’ असे लिहा. ज्या वाक्यापुढे यांपैकी काहीच लिहिता येणार नाही, ते वाक्य काढून टाका.