सायकलचें माप व शरीराचें माप

अंगरखा शिवण्यापूर्वीं शिंपी फीत काढतो, आणि जोडा करण्यापूर्वीं चांभार पाऊल कागदावर ठेववितो. परंतु सायकल घ्यावयाची झाली म्हणजे बहुतेक लोक रंग पाहातात, किंमत विचारतात, आणि मापाची गोष्ट दुकानदारावर सोंपवितात. बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्यास ही उपेक्षा एखादे वेळीं चालून जाईल. पण जी सायकल तासन् तास एकाच आसनांत बसून चालवावयाची, तिच्याविषयीं ती चालत नाहीं. म्हणून यंदा आम्हीं ट्रायथ्लॉनच्या सायकलचा विषय घेतला आहे. त्यांत भूमिति आहे, शरीरशास्त्र आहे, आणि पालकांच्या पैशाचाहि प्रश्न आहे.

ट्रायथ्लॉन म्हणजे पोहणें, सायकल चालविणें व धांवणें या तीन क्रियांची लागोपाठ होणारी एकच शर्यत. या नांवाची आधुनिक शर्यत १९७४ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें झाली, व २००० सालीं सिडनी येथें तिला ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळालें. तेथें १.५ किलोमीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धांवणें असतें. ‘आयर्नमॅन’ नांवाच्या लांब शर्यतींत हींच अंतरें अनुक्रमें ३.८, १८० व ४२.२ किलोमीटर आहेत. तिच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ सालीं गोव्यांतहि झाली.

सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या स्वाराचा मोठा वैरी वारा होय. आणि वाऱ्यास अडविण्याचें काम सायकलपेक्षां स्वाराचें शरीरच अधिक करतें. म्हणून या सायकलवर छाती खालीं आणून, कोंपरें दोन गाद्यांवर टेंकून, हात पुढें लांबवितात. ट्रायथ्लॉनपटूंनीं आधींच वापरलेलें असें हँडल १९८९ च्या फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतींत ग्रेग लेमाँड यानें शेवटल्या दिवशीं लाविलें. त्या दिवसाच्या आरंभीं तो लॉरां फिन्याँच्या ५० सेकंद मागें होता, २४.५ किलोमीटरांनंतर त्यानें सगळी शर्यत ८ सेकंदांनीं जिंकली. सर्व श्रेय हँडलास देतां येणार नाहीं. पण त्या दिवसापासून जगाचें लक्ष या आसनाकडे वेधलें.

परंतु नुसती छाती खालीं आणिली म्हणजे दुसरी अडचण उभी राहते. साध्या शर्यती सायकलींत बैठकीच्या नळीचा जमिनीशीं कोन सुमारें ७३ अंशांचा असतो. तेथें बसून फार वांकलें तर पायडल वर येतांना मांडी पोटावर दाबते व श्वास कोंडतो. १९८९ सालीं डॅन एम्फील्ड या अमेरिकन गृहस्थानें खास ट्रायथ्लॉनसाठीं सायकल काढली, तींत ही नळी अधिक उभी केली होती. आज या सायकलींत तो कोन बहुधा ७६ ते ८० अंशांचा असतो. याचें मर्म विद्यार्थ्यांस एका प्रयोगानें कळेल. पुठ्ठ्याचा स्वार कापून पायडलांच्या आंसाच्या जागीं टांचणी खुपसा, आणि सगळी आकृति पुढें फिरवा. पाठ खालीं येते, परंतु मांडी व पाठ यांमधील कोन होता तसाच राहतो.

आतां मापाकडे वळूं. पूर्वीं फ्रेमचें माप म्हणजे बैठकीच्या नळीची लांबी असे. वरचा दांडा आडवा होता तोंवर तें निभावलें. पुढें दांडे उतरते झाले, नळ्या आंखूड झाल्या, आणि ‘लहान, मध्यम, मोठी’ अशीं नांवें आलीं. एका कारखान्याची मध्यम ती दुसऱ्याची मोठी होऊं लागली. म्हणून जाणकार लोक दोन मापें विचारतात. पायडलांच्या आंसाच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंतची उभी उंची म्हणजे ‘स्टॅक’. आणि त्याच दोन बिंदूंमधील आडवें अंतर म्हणजे ‘रीच’. बैठक वरखालीं सहज होते, पण हँडल थोडेंच हलवितां येतें. म्हणून फ्रेमची निवड पुढल्या बाजूवरून करावयाची असते.

शरीराचें माप घरींच घेतां येतें. अनवाणी भिंतीस पाठ लावून उभें राहावें, एक जाड पुस्तक जांघेंत घट्ट वर दाबून धरावें, व त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत फीत धरावी. या लांबीस ०.८८३ नें गुणिलें असतां पायडलांच्या आंसापासून बैठकीच्या माथ्यापर्यंतचें अंतर अदमासें निघतें. हा पहिला अंदाज होय. पायडल खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहतो कीं नाहीं, हें पाहून तो सुधारावा.

समजा, दोन तरुण १७२ सेंटिमीटर उंचीचे आहेत. एकाच्या पायांची लांबी ८४ सेंटिमीटर, दुसऱ्याची ७८. पहिल्याची बैठक ७४.२ सेंटिमीटर येते, दुसऱ्याची ६८.९. उंची तीच, परंतु फरक पांच सेंटिमीटरांहून अधिक! पहिल्याची बैठक उंच, म्हणून त्यास अधिक स्टॅक हवा. धड आंखूड, म्हणून रीच कमी. दुसऱ्याचें याच्या उलट. नुसत्या उंचीचा तक्ता या दोघांस एकच सायकल देईल, आणि ती निदान एकास तरी लागणार नाहीं.

यावरून क्रम ठरतो: आधीं आसन, मग फ्रेम. जाणत्याच्या देखरेखीखालीं कोंपर सुमारें काटकोनांत ठेवून, दंडाच्या हाडावर भार देऊन स्वस्थ बसतां येईल अशी गाद्यांची जागा ठरवावी, आणि त्या जागीं गाद्या सहज येतील अशी फ्रेम शोधावी. फ्रेम फार लांब असेल तर खांदे व मान दुखतात, आणि स्वार बैठकीच्या टोंकाकडे घसरत राहतो. फार आंखूड असेल तर पाठीस पोक येतो व गुडघे कोंपरांस भिडूं पाहातात. हँडलखालीं चकत्यांचा मनोरा रचावा लागला, तर फ्रेम ठेंगणी आहे असें समजावें.

शेवटीं पालकांस दोन शब्द. ‘अंग वाढतें आहे, एक माप मोठीच घ्या,’ असें आपण सदऱ्याविषयीं म्हणतों. पण सदऱ्याची बाही दुमडतां येते, फ्रेम दुमडतां येत नाहीं. ज्या मुलाचा पाय जमिनीस टेंकत नाहीं व बोटें ब्रेकपर्यंत नीट पोहोंचत नाहींत, त्यास मोठी सायकल देणें म्हणजे काटकसर नव्हे, धोका होय. शिवाय गाद्यांवर कोंपरें टेंकलीं असतां हात ब्रेकपासून दूर राहतात. म्हणून ही सायकल गर्दीच्या रस्त्यासाठीं नाहीं. ऑलिंपिकमध्यें स्वार एकमेकांस चिकटून जातात, तेथेंहि साधी शर्यती सायकलच वापरतात, आणि आयर्नमॅनच्या शर्यतींत अठरा वर्षांखालील कोणास घेत नाहींत. तोंवर मुलामुलींस त्यांच्या आजच्या मापाची साधी, नीट ब्रेकाची सायकल पुरे आहे. ती जुनी मिळाली तरी कमीपणा नाहीं. वाढ पुरी होऊन हौसहि टिकली, तर मोठा खर्च तेव्हां करावा.

विद्यार्थी मित्रहो, या सुटींत घरांतील प्रत्येकाच्या पायांची लांबी वर सांगितल्याप्रमाणें घ्या, गुणाकार करा, आणि घरच्या सायकलची बैठक मोजून पाहा. किती जण चुकीच्या उंचीवर बसतात, तें वहींत लिहून आणा. बैठक वरखालीं करण्यास एक पाना पुरतो. तेवढें काम तुमच्या हातून झालें, तर घरांतील एखाद्याचे गुडघे तुम्हांस दुवा देतील.